एका एअरोटरच्या मागे मागे

पत्र थोडक्यात असं आहे:

"मी दंतवैद्य आहे, स्वतःचा दवाखाना सुरू करून सहा वर्षं झाली. आम्ही पाच लहान दवाखान्यांनी मिळून ठरवलं की वर्षातून एकदा एकमेकांचा दवाखाना तपासायचा. स्वच्छता, पेशंटची सुरक्षितता आणि कामाचा दर्जा, सगळं बघायचं आणि लेखी द्यायचं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला माझ्याच सरांचा दवाखाना आला. दाढ काढायला मी त्यांच्या हाताखाली शिकले. दोन चेअर, सर एकटेच डॉक्टर, आणि वीस वर्षं त्यांच्याकडे काम करणाऱ्या एक मदतनीस ताई. माझ्या हातात १४० प्रश्नांची यादी आहे आणि एक दिवस आहे. मला दोन भीती वाटतात. एक म्हणजे मी नुसत्या खुणा करून परत येईन. दुसरी म्हणजे खरंच काही चुकीचं सापडलं तर सरांना कोणत्या तोंडाने सांगू? काय बघू आणि कसं बोलू, ते सांगा."

प्रिय डॉक्टर,

तुमच्या दोन्ही भीती खऱ्या आहेत. पहिलीचं उत्तर सोपं आहे, म्हणून तिच्यापासून सुरू करते.

ती १४० प्रश्नांची यादी दिवसाच्या पहिल्या अर्ध्या भागात पिशवीतच राहू द्या. यादी वाईट नाही, संध्याकाळी ती लागेलच. पण असल्या याद्यांमधले बरेच प्रश्न "आहे का?" असे असतात. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र, आहे का, ग्लोव्हज आहेत का, नोंदवही आहे का. कुठल्याही दवाखान्यात याचं उत्तर "आहे" असंच येतं. पेशंटला इजा होते ती वस्तू नसल्यामुळे क्वचितच. ती होते वस्तू असूनही, बाहेर आठ माणसं खोळंबलेली असताना, कोणीतरी ती वापरायचं राहून गेल्यामुळे. ते कपाट उघडून दिसत नाही. त्यासाठी तिथे बसून राहावं लागतं.

म्हणून सरांना आधीच सांगा, "मी गर्दीच्या वेळी येते." दुपारच्या रिकाम्या वेळेत सगळे दवाखाने सारखेच दिसतात. ज्यांच्या उपचाराच्या वेळी तुम्ही खोलीत असाल त्या प्रत्येक पेशंटची परवानगी घ्या, कोपऱ्यात स्टूल टाका आणि पहिला तासभर काहीही लिहू नका.

मग एक वस्तू निवडा आणि तिच्या मागे मागे जा. मी नेहमी एअरोटर निवडते, म्हणजे दात कोरायचं, हवेच्या दाबाने फिरणारं हातातलं यंत्र. तो तोंडात जातो, रक्त आणि लाळ त्याच्या आतल्या बारीक नळ्यांत शिरू शकते, आणि बाहेरून पुसला की तो लखलखीत दिसतो. म्हणजे फसवणारी वस्तू. एका पेशंटच्या तोंडातून निघालेला एअरोटर पुढच्या पेशंटच्या तोंडात जाईपर्यंत कुठे कुठे जातो ते डोळ्यांनी बघा. तो चेअरवरून उतरवला जातो का, की स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तिथेच राहतो? उतरवला तर झाकणाच्या डब्यातून धुण्याच्या जागी जातो का, की ग्लोव्हज घातलेल्या हातात, आणि त्याच हाताने वाटेत दाराची मूठ धरली जाते? धुतल्यावर तेल घातलं जातं का? पाऊचमध्ये, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायच्या बंद कागदी पिशवीत, जातो का? पाऊच कोरडा बाहेर येतो का? ओला पाऊच म्हणजे निर्जंतुक माल नव्हे, ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. आणि शेवटी तो पाऊच पेशंटसमोर फाडला जातो, की आधीच उघडून ट्रेवर मांडून ठेवलेला असतो?

लहान दवाखान्यात जागेची अडचण असते, ती समजून घ्या. धुण्याचं सिंक आणि हात धुण्याचं सिंक एकच असू शकतं. खोली दुप्पट मोठी करा असं लिहून काही उपयोग नाही. पण ओट्याची एक बाजू मळक्या सामानाची आणि दुसरी स्वच्छ सामानाची एवढं तर कुठल्याही खोलीत जमतं. मळकं सामान स्वच्छ सामानाच्या डोक्यावरून जाऊ नये, एवढाच मुद्दा.

तिथेच थांबून दात काढायची एक फोर्सेप, म्हणजे पक्कड, मागून घ्या आणि तिचा सांधा भिंगाखाली बघा. सांध्यात तपकिरी रेघ दिसली तर ती गंज असेल किंवा वाळलेलं रक्त. हत्यार आधी नीट धुतलं नसेल तर ऑटोक्लेव्ह ते रक्त शिजवून धातूला चिकटवतो, आणि त्या थराखाली वाफ पोचत नाही. ध्वनिलहरींनी पाण्यात हत्यारं साफ करणारं अल्ट्रासॉनिकचं यंत्र असेल तर त्यात अॅल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा थोडा वेळ धरा. फॉइलवर सगळीकडे सारखे बारीक खड्डे पडले तर यंत्र काम करतंय. अर्धी फॉइल गुळगुळीत राहिली तर ते नुसतंच गुणगुणतंय.

आता एक हिशेब करा. हा मी प्रत्येक दवाखान्यात करते आणि याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. समजा सरांकडे तीन एअरोटर आहेत. एकदा वापरणं, धुणं, तेल, पाऊच, ऑटोक्लेव्हची पूर्ण फेरी, वाळणं आणि गार होणं धरून एका एअरोटरला पुन्हा तोंडात जायला दीड तास लागतो असं धरा. चार तासांच्या ओपीडीत एक एअरोटर फार तर तीनदा वापरता येईल. तिघांचे मिळून नऊ पेशंट. आता अपॉइंटमेंटची वही उघडा. त्या संध्याकाळी एअरोटर लागणारे १४ पेशंट झाले असतील, तर उरलेल्या पाच जणांच्या तोंडात काय गेलं? हा प्रश्न कोणाच्या प्रामाणिकपणाबद्दल नाही. तीन एअरोटरमध्ये चौदा पेशंट निर्जंतुक पद्धतीने होऊच शकत नाहीत, ताई कितीही कष्टाळू असल्या तरी. उपाय त्यांना ओरडण्यात नाही. उपाय आणखी एअरोटर घेण्यात आहे, किंवा पेशंट कमी करण्यात. हाच हिशेब दात साफ करायच्या स्केलरच्या टिपांचा, हाड कापायच्या सर्जिकल हँडपीसचा आणि दाढ काढायच्या सेटचा करा.

ऑटोक्लेव्हपाशी जरा जास्त वेळ थांबा. १३४ अंशांना किमान ३ मिनिटं किंवा १२१ अंशांना किमान १५ मिनिटं, हा नुसता धरून ठेवण्याचा वेळ आहे, तापण्याचा आणि वाळण्याचा वेगळा. घाईत वाळण्याची पायरी तोडली जाते, तेव्हा तिथे लक्ष ठेवा. यंत्र व्हॅक्युमचं, म्हणजे आधी आतली हवा पंपाने ओढून घेणारं आहे, की साधं, हेही विचारा. साध्या यंत्रात पाऊचमधली आणि एअरोटरसारख्या पोकळ वस्तूतली हवा पूर्ण बाहेर निघेलच असं नाही, आणि जिथे हवा अडकते तिथे वाफ जात नाही. पाऊचवरची खूण रंग बदलते म्हणजे पाऊचला उष्णता लागली एवढंच कळतं, आतली वस्तू निर्जंतुक झाली असा त्याचा अर्थ नाही. म्हणून व्हॅक्युमच्या यंत्राला रोज हेलिक्स टेस्ट हवी. दीड मीटर लांब, बारीक नळी, तिच्या टोकाशी एक पट्टी. त्या टोकापर्यंत वाफ पोचली तरच पट्टीचा रंग पूर्ण बदलतो. आणि आठवड्यातून एकदा जिवंत जंतूंच्या बीजाणूंची चाचणी. उष्णतेला फार चिवट म्हणून जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूचे बीजाणू त्यात वापरतात. ते मेले तर बाकीचे मेलेच.

इथे मला माझ्या दवाखान्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमची हेलिक्सची वही अगदी नेटकी होती. रोजची पट्टी चिकटवलेली, तारीख टाकलेली, खाली माझी सही. एकदा एक सहकारी तपासायला आली. ती वही उघडून शांतपणे पानं उलटत राहिली, आणि मग एका पानावर तिने बोट ठेवलं. पट्टीचा मधला भाग बदललाच नव्हता. पुढच्या पानावरही नाही. अकरा दिवस नाही. व्हॅक्युमचा पंप हळूहळू थकत गेला होता, माझी मदतनीस इमानाने पट्ट्या चिकटवत होती, आणि मी न बघता सह्या करत होते. पट्टी काय सांगते हे तिला मी कधी शिकवलंच नव्हतं. त्या दिवशी मी काम बंद केलं आणि नंतर त्या अकरा दिवसांतल्या प्रत्येक पेशंटला स्वतः फोन केला. फोनवर समोरून येणारी ती क्षणभराची शांतता मला अजून ऐकू येते. म्हणून वही "आहे का" हे बघू नका. ती वाचा, मागच्या तीन महिन्यांची, पानोपान. आणि शेवटची चाचणी फेल कधी झाली ते विचारा. वर्षानुवर्षं एकही फेल नाही असं उत्तर आलं, तर पट्टीकडे खरंच कोणी बघतं का ते तपासा.

असं दुर्लक्ष कुठवर जाऊ शकतं याचं उदाहरण जुनं नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका दवाखान्यातल्या जवळजवळ ७,००० पेशंटना रक्त तपासून घ्या म्हणून कळवावं लागलं. एका पेशंटकडून दुसऱ्याला हेपटायटिस सी गेल्याचं त्यात सिद्ध झालं. 

आता पाणी. या विषयावर मी लांबण लावणार आहे, कारण आपल्या धंद्यात हात आणि हत्यारं यांच्याबद्दल बोललं जातं, पण पाण्याबद्दल बोलायला कोणी तयार नसतं. चेअरच्या आतल्या नळ्या अगदी अरुंद असतात. पाणी त्यांतून हळू वाहतं, रात्रभर आणि सुटीच्या दिवशी नुसतं साचून राहतं. नळीच्या आतल्या भिंतीवर शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो आणि त्यातून जंतू सुटत राहतात. नळाचं पाणी पिण्याजोगं असलं तरी एअरोटरच्या तोंडाशी येणारं पाणी तसं असेलच असं नाही. एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त ५०० जंतू, ही सर्वसाधारण उपचारांसाठी चालणारी मर्यादा मानतात. २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या दुधाच्या दाढांच्या नसेवर उपचार झाले. काही आठवड्यांनी मुलांचे जबडे सुजू लागले. जंतू होता मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस. त्या चेअरच्या पाण्याची तपासणी झाली तेव्हा मिलिलिटरमागे सरासरी नव्वद हजारांहून जास्त जंतू निघाले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसंच झालं, साठाहून जास्त मुलांना. काहींच्या जबड्याचं हाड खरवडावं लागलं, काहींचे अजून न उगवलेले कायमचे दात गेले. दुधाचा दात वाचवायला आणलेलं मूल. इटलीत २०११ साली ८२ वर्षांच्या एका बाई लेजिओनेला न्यूमोनियाने गेल्या. तपास करता करता जंतूचा माग दातांच्या चेअरच्या पाण्यापर्यंत पोचला.

तर सरांना विचारा की पाणी कुठून येतं. थेट नळातून, की चेअरला लावलेल्या बाटलीतून? बाटली असेल तर ती हातात घ्या. आतून बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं तर पुढे विचारायची गरज नाही. रात्री बाटली काढून रिकामी करून पालथी ठेवतात का? पाण्यात कोणतं औषध घालतात आणि किती दिवसांनी? पाणी शेवटचं कधी तपासलं, आणि कागद कुठे आहे? दोन पेशंटच्या मध्ये २०–३० सेकंद पाणी सोडायची चांगली सवय असेल तर ती नोंदवा. पण त्याने आत ओढली गेलेली लाळ निघून जाते, भिंतीवरचा थर निघत नाही. "आम्ही रोज सकाळी पाणी सोडतो" हे पूर्ण उत्तर नव्हे. आणि हाड कापायचं असेल, शहाणदाढ काढायची असेल, तर चेअरचं पाणी कितीही चांगलं असलं तरी चालत नाही. तिथे निर्जंतुक सलाईन आणि ते देणारी वेगळी निर्जंतुक व्यवस्था हवी. हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, पण सरांच्या पिढीत बऱ्याच जणांना हे कोणी सांगितलेलं नाही, हेही लक्षात ठेवा.

सुयांचं थोडक्यात. भुलीच्या औषधाची एक कार्ट्रिज, म्हणजे छोटी नळी, एकाच पेशंटला, उरलेलं औषध टाकायचं. सुईवर टोपण दोन हातांनी चढवलं जात नाही ना, ते बघा. वापरलेल्या सुया टाकायचा शार्प्सचा डबा तीन चतुर्थांशाच्या वर भरलेला नसावा आणि तो चेअरच्या हाताशी असावा, दुसऱ्या खोलीत नव्हे. आणि हे सरांपेक्षा ताईंसाठी जास्त विचारा. लस न घेतलेल्या माणसाला हेपटायटिस बी असलेल्याची सुई टोचली तर संसर्गाचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो. एचआयव्हीचा तोच धोका हजारात तीन आहे. मनात भीती मात्र आपण उलटी बाळगतो. ताईंना हेपटायटिस बीचे तिन्ही डोस मिळालेत का, आणि नंतर रक्तातली प्रतिकारशक्ती तपासली का, हे विचारा. वीस वर्षं दुसऱ्यांची हत्यारं धुणाऱ्या बाईला हे कोणी विचारलंच नसेल तर तुमच्या अहवालातली ती पहिली ओळ असू द्या.

मग अचानक काही झालं तर काय. इमर्जन्सी ट्रेवरच्या तारखा वाचणं पुरेसं नाही. सरांची परवानगी घेऊन ताईंना सांगा, "चेअरवरच्या माणसाला इंजेक्शननंतर अंगभर गांध्या आल्यात, श्वास लागलाय. तुम्ही काय कराल, करून दाखवा." आणि घड्याळ बघा. अशा जीवघेण्या अॅलर्जीवरच्या इंजेक्शनपर्यंत, अॅड्रिनॅलिनपर्यंत, हात किती वेळात पोचतो? प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला ०.५ मिलिग्रॅम, हे कुठे लिहून लावलंय का, की सरांच्याच डोक्यात आहे? सरच चेअरवर कोसळले तर? एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात हा प्रश्न विचारायलाच हवा. ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर तो उघडून बघा. पान्याशिवाय उघडत नसेल तर पाना कुठे आहे? आणि हे गणितही त्यांच्यासमोर मांडा. ३४० लिटरचा छोटा सिलिंडर मिनिटाला १५ लिटर सोडला तर जेमतेम २२ मिनिटं पुरतो, तोही भरलेला असला तर. रुग्णवाहिका त्याआधी येईल का?

एक्स-रेपाशी फार रेंगाळू नका. शिशाचा एप्रन आहे का, हे जुन्या यादीत नक्की असेल. पण दातांच्या एक्स-रेला एप्रन आणि गळ्याचा पट्टा यांची गरज नाही, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ साली सांगितलं. आपल्याकडच्या नियमांत तो अजून असेल तर सरांनी तो ठेवावाच. पण पेशंटला खरं वाचवतो तो किरणांचा झोत लहान करणारा चौकोनी कोलिमेटर, पहिल्याच वेळी नीट आलेलं चित्र आणि मुळात कारणाशिवाय न काढलेला एक्स-रे. फिल्म किंवा सेन्सर कोणी बोटाने धरत नाही ना, एवढं बघा. मग मागच्या महिन्यातले दहा एक्स-रे काढून घ्या आणि त्यांतले किती पुन्हा काढावे लागले ते मोजा.

आता दर्जा. स्वच्छता डोळ्यांना दिसते, दर्जा केसपेपरवर दिसतो. सरांना "चांगले केस दाखवा" म्हणू नका. वहीतला एखादा वार निवडा आणि त्या दिवशीचे सगळे केसपेपर काढायला सांगा. रक्त पातळ करणारी औषधं, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं, पेनिसिलिनची अॅलर्जी, हे विचारल्याची तारीख आहे का? की पहिल्या भेटीला भरलेला फॉर्म दहा वर्षं तसाच आहे? नुसती ठणक असलेल्या, सूज किंवा ताप नसलेल्या पेशंटला अँटिबायोटिक दिलंय का? नस सुजून होणाऱ्या ठणकेवर त्याचा उपयोग नाही, नस उघडण्याचा आहे. लिहून दिलेली गोळी बऱ्याचदा सांगते की त्या दिवशी नस उघडायला वेळ नव्हता. म्हणजे दर्जाचा धागाही पुन्हा घाईपाशीच येतो.

रूट कॅनालच्या पेशंटला रबर डॅम, म्हणजे फक्त तो दात बाहेर ठेवून बाकी तोंड झाकणारा रबराचा पडदा, लावतात का ते प्रत्यक्ष बघा. नळी साफ करायची ती सुईसारखी बारीक फाइल हातातून सुटली तर श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि दाताची नळी धुवायचं दाहक हायपोक्लोराइट घशात उतरू शकतं. तिथेच ट्रेवरच्या सिरिंजा बघा. हायपोक्लोराइट, सलाईन आणि भुलीचं औषध तिन्ही पाण्यासारखी दिसतात. लेबल नसलेली एकही सिरिंज ट्रेवर असता कामा नये. ही चूक घडल्यावर पेशंटच्या चेहऱ्याचं काय होतं हे तुम्ही पुस्तकात पाहिलं असेल.

आणि चुकीचा दात. हे फक्त निष्काळजी माणसाकडून होतं असं समजू नका. दात मोजायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. दोन अंकी पद्धतीत १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ. १ ते ३२ मोजणाऱ्या पद्धतीत तोच १४ म्हणजे वरची डावी पहिली मोठी दाढ. बाहेरून चिठ्ठी आली, "१४ काढा", आणि लिहिणाऱ्याची पद्धत वेगळी असेल तर? म्हणून आकड्यासोबत दाताचं नाव शब्दांत लिहितात का, आणि फोर्सेप लावण्याआधी पेशंट, केसपेपर, एक्स-रे आणि ताई या चौघांशी जुळवून दात मोठ्याने म्हणतात का, ते बघा. पाच सेकंदांचं काम आहे. सर करत नसतील तर हे एकच सुचवा आणि त्यांना लगेच पटेल, कारण दाढ काढण्यात त्यांचा हात कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे, आणि चांगल्या हातालाही कुठली दाढ ते आधी कळावं लागतं.

ताईंशी वेगळं बोला, आणि त्याबद्दल सरांना आधी सांगून ठेवा. "तुम्ही प्रत्येक वेळी ऑटोक्लेव्ह करता ना?" असं विचारलं तर "हो" याशिवाय उत्तर येणार नाही. विचारा, "काल शेवटचा पेशंट गेल्यावर तुम्ही काय काय केलंत?" आणि मग "सगळ्यात जास्त धांदल कधी उडते?" वीस वर्षं तिथे असलेल्या बाईला दवाखान्याची सगळी दुखरी ठिकाणं पाठ असतात. त्या जे सांगतील ते अहवालात त्यांच्या नावावर लिहू नका. "मदतनीस पाऊच ओले काढते" असं नाही, "वाळण्याचा वेळ पुरत नाही, सामान कमी आहे" असं. तेच जास्त खरंही आहे. तुम्ही परत गेल्यावर त्यांना तिथेच काम करायचं आहे.

आता तुमची दुसरी भीती.

सापडलेल्या गोष्टींचे दोन ढीग करा. एका ढिगात त्याच क्षणी काम थांबवायला लावणाऱ्या गोष्टी. निर्जंतुकीकरण फेल जातंय आणि हत्यारं तरी वापरात आहेत, सुई किंवा कार्ट्रिज दुसऱ्या पेशंटला वापरलं जातंय, अॅड्रिनॅलिन आणि ऑक्सिजन नसताना इंजेक्शनं दिली जातायत. यांतलं काहीही दिसलं तर संध्याकाळची वाट बघू नका आणि चेअरवर पेशंट असताना बोलूही नका. तो पेशंट उतरला की सरांना ऑटोक्लेव्हपाशी बोलवा, दार लोटा आणि वस्तू दाखवा. माझ्या त्या सहकारीने मला असंच दाखवलं होतं. तिने "तुमची चूक झाली" असं म्हटलं नाही. "ही पट्टी बघा" एवढंच म्हणाली आणि थांबली. मला एका मिनिटात सगळं कळलं, कारण मीही डॉक्टर होते. तुमचे सरही आहेत. मात्र त्यांनी काम थांबवायला नकार दिला, तर तिथे मान राखत बसू नका. पाचही दवाखान्यांनी असा प्रसंग आला तर काय करायचं, पुढे कोणाला कळवायचं, हे ठरवलंय का? नसेल तर जाण्याआधी ठरवून घ्या, सगळ्यांसाठी सारखं. मग तो निर्णय तुमचा एकटीचा राहणार नाही.

दुसऱ्या ढिगात बाकी सगळं. त्यातलं निवडून फार तर पाच-सहा मुद्द्यांचं बोला. चाळीस मुद्द्यांचा अहवाल कपाटात जातो. प्रत्येक मुद्द्यासमोर कोण करणार आणि कधीपर्यंत, हे सरांच्याच अक्षरात असू द्या. आणि जे चांगलं दिसलं ते मनापासून लिहा, गोड करण्यासाठी नव्हे. सर इंजेक्शन देताना आधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना ते बघतात का, घाबरलेल्या मुलाशी कसं बोलतात, न काढता येणारी दाढ वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठवतात का. ही दर्जाचीच लक्षणं आहेत, आणि ती तपासायची अक्कल तुम्हाला त्यांनीच दिली असणार.

ते दुखावतील का? थोडे दुखावतील. मी दुखावले होते, दोन दिवस. सरांनी दोन दिवस फोन उचलला नाही तरी धीर सोडू नका, आणि त्या दोन दिवसांत अहवाल मऊ करू नका. तिसऱ्या दिवशी फोन करा आणि मुद्द्यांबद्दल न बोलता पुन्हा कधी येऊ ते विचारा. दुसरी भेट तासाभराचीच असू द्या, पुन्हा गर्दीच्या वेळी, पुन्हा त्याच एअरोटरच्या मागे.

तुमचा दवाखाना कोण तपासणार आहे, हे पत्रात लिहिलेलं नाही. सरांच्या वाट्याला तो आला नसेल तरी, "माझा एकदा तुम्ही बघा" असं त्यांना पहिल्या दिवशीच, काही सापडण्याच्या आधी सांगा. आणि तिकडे निघण्यापूर्वी एका संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यातले एअरोटर मोजा, अपॉइंटमेंटची वही उघडा आणि तो चार तासांचा हिशेब आधी तिथे करून बघा.